लाखेच्या तबकड्या ऐकवणाऱ्या आ-पेहंना

आदरणीय आ-पेह,

तैवानी बोलीत वडिलांहून मोठ्या काकांना अशीच हाक मारतात, म्हणून मराठी पत्रातही तीच ठेवली. तैपेईच्या दादाओचेंग पेठेतल्या श्रवणबैठकीला तुम्ही १९३०च्या दशकातल्या ग्रामोफोनच्या तबकड्या आणल्यात, त्याबद्दल आम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही शिकवलंत ते आपल्याकडे माळ्यावर पडलेल्या तबकड्यांनाही लागू आहे.

तबकडी पुसायला कुणीतरी स्पिरिट पुढे केलं आणि तुम्ही तिथल्या तिथे थांबवलंत. एका क्षणात वाचलेली ती तबकडी! या तबकड्यांचा बांधा लाखेचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच लाकडाचं पॉलिश करतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक सुताराला ठाऊक आहे. तेच स्पिरिट तबकडीच्या खाचा चाटून नेतं. त्या काळी जगाला लाख पुरवायचा तो मुख्यतः भारतच, म्हणून हा धडा आपल्याला जास्तच जवळचा. तुमची रीत अशी: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा, मधल्या कागदी लेबलला ओल लागू द्यायची नाही, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत उभी वाळवायची. ऊन लागलं की तबकडी वाकते.

सुईचं तर फारच मोलाचं सांगितलंत. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकडीची, बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते, आणि तिथे असते ती धूळ. गाण्याआधी खरखरच ऐकू येते. इथे साधारण ७५ मायक्रॉनची सुई हवी, भार ३ ते ५ ग्रॅम. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केलंत, तेव्हा खरखर निम्मी झाल्यासारखी वाटली, कारण या तबकड्यांत आवाज आडव्या हेलकाव्यात कोरलेला असतो आणि सुईच्या वर-खाली उड्यांमधून येणारा गोंगाट मोनोत कटतो.

कर्ण्याच्या ग्रामोफोनचा मोह सगळ्यांनाच होता. तुम्ही त्यावर फक्त झिजलेली जोडप्रत लावलीत, तीही दर बाजूला नवी पोलादी पिन घालून. पिन धरणाऱ्या डबीचा, म्हणजे साउंडबॉक्सचा, भार शंभर ग्रॅमच्या वर. बोथट पिन तीन मिनिटांत खाच खरवडते. चांगली प्रत विजेच्या टर्नटेबलवर! हा विवेक फार थोड्या संग्राहकांकडे असतो.

आणि मग १९३४चं ‘ऊ-या-हुए’, पावसाळी रात्रीचं फूल. चाल तेंग यू-शियेन यांची, गायिका सुन-सुन. त्या मुळात गेझाइशी या लोकनाट्यातल्या, म्हणून गळा उघडा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगावर आवाज किंचित पातळ वाटला, तसा तुम्ही वेग हळूहळू उतरवत नेलात, आणि एका जागी शब्द भरीव झाले. सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या ७८वर कोरलेल्या नसतात, हे तेव्हा कानाला पटलं. तैवान जपानच्या ताब्यात असताना, युद्धकाळात याच चालीवर जपानी लष्करी शब्द चढवले गेले होते. तुमच्यामुळे मूळ शब्द मूळ आवाजात ऐकता आले, याचं ऋण आम्ही मानतो.

तुमच्या तबकड्या नव्या आम्लरहित पाकिटांत घालून उभ्याच ठेवल्या आहेत. तैपेईच्या दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्याही टाकल्यात. पेटी सवडीने न्या.

तुमची,
श्रवणबैठकीची मराठी मंडळी