ब्रेक दुरुस्तीत मदत केलेल्या सगळ्यांना थँक्यू!

बाबांची ९८ सालची मारुती ८००, ब्रेकचं पेडल पार तळाला जायचं आणि मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं, म्हटलं या दिवाळीत घरीच करून बघू. दोन दिवस म्हणता म्हणता पाच लागले आणि तुम्ही लोक नसता तर गाडी अजून विटांवरच असती.

मागचा ड्रम (चाकामागचं ब्रेकचं गोल झाकण) निघेना, मी हातोडा घेऊन बसलेलो, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका (एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर) चहाचा कप घेऊन आले नि म्हणाले, अरे ठोकतोस काय, ड्रमला दोन भोकं आहेत ना, त्यात ८ एमएमचे बोल्ट आलटून पालटून आवळ. आवळले, आला की बाहेर! आतली धूळ फुंकू नको, जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा थर) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते श्वासात जायला नको, पाणी मारून पूस, हेही त्यांनीच सांगितलं.

स्पेअरपार्टवाल्या दादांकडे मी व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) नुसतं वॉशर किट मागितलं तर त्यांनी आधी सिलिंडरची बोअर (आतली भिंत) बघून ये म्हणून परत पाठवलं, गंजलेलीच निघाली, मग अख्खा व्हील सिलिंडर घेतला. धंदा बाजूला ठेवून मला स्प्रिंगचा फोटो काढून ठेवायला सांगणारा माणूस विरळाच.

आणि आमची भाची, ब्रेकच्या पाइपमधली हवा काढायला तासभर "दाब... धर... सोड" ऐकत पेडल मारत होती, मी मध्येच निपल (चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू) बंद करायच्या आधी सोड म्हटलं, हवा परत आत, सगळं पहिल्यापासून. तिला आइस्क्रीम देणं लागतो. दोन.

काका, हँडब्रेक अजून थोडा ढिला आहे, रविवारी येतो.