दांडिया बाजारच्या काकांना, ओंटारिओ सरोवराच्या काठावरून

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

हिवाळ्यात बोटीतलं पाणी गोठून नुकसान होऊ नये म्हणून तुम्ही जे शिकवलंत, त्याबद्दल फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "ते राहू दे, बोट कशी आहे?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. इथे टोरांटोत जुनी शिडाची बोट घेतलेल्या आणखी कुणा मराठी माणसाच्या हाती पडलं, तर त्याचाही एक हिवाळा वाचेल.

यंदा मे महिन्यात बोट पाण्यात उतरवली. सी-कॉक, म्हणजे बोटीच्या तळातून पाणी आत घेणारी झडप, उघडला, इंजिन चालू केलं आणि टॉर्च घेऊन अर्धा तास त्याच्या शेजारी बसून राहिलो. एक थेंब गळला नाही.

गेल्या वर्षीचा मे आठवतो ना? त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी पाण्याच्या टाकीत गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, ओतलं होतं, नळातून रंग दिसेपर्यंत पंप चालवला होता आणि काम झालं असं समजून घरी आलो होतो. बर्फ वितळल्यावर पाहिलं तर पंप तडकलेला, गीझर फुटलेला आणि इंजिनाकडे जाणारं पाणी गाळणाऱ्या गाळणीची पारदर्शक वाटी उभी चिरलेली.

ती वाटी जुलैत वडोदऱ्याला येताना बॅगेत घालून आणली. बाहेर धो धो पाऊस, तुम्ही ओसरीवर. चिरेवरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "यात पाणी का ठेवलंस?" अँटिफ्रीझ कोणतं वापरलं, किती वापरलं, हे मला सगळ्यांनी विचारलं होतं. पाणी का ठेवलं हे फक्त तुम्ही विचारलंत. बाल्टिकमधल्या थंडीत जहाजाच्या इंजिन रूममध्ये हिवाळे काढलेल्या माणसाचा प्रश्न होता तो.

मग तुम्ही कूलरच्या पाइपाचा हातभर तुकडा आणलात, पाणी भरून दोन्ही टोकं वर धरलीत आणि मला फुंकायला लावलंत. बरंच पाणी उडालं, पण मधल्या झोळात चार बोटं पाणी तसंच राहिलं. "हेच गोठणार." पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि जागा नसली की पितळसुद्धा फोडतं. शिवाय मागे राहिलेलं पाणी अँटिफ्रीझला पातळ करतं, मग डब्यावर छापलेल्या उणे आकड्याचा भरवसा उरत नाही. आधी पाणी काढायचं, अँटिफ्रीझ नंतर. काकूंनी चहा आणेपर्यंत तुम्ही एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर माझ्या बोटीच्या सगळ्या पाइपांचं चित्र काढलंत आणि प्रत्येक झोळावर फुली मारलीत. ती पत्रिका आता बोटीच्या कपाटात आहे.

ऑक्टोबरात बोट जमिनीवर आल्यावर तीच पत्रिका समोर ठेवून बसलो. टाकी रिकामी केली. गीझर रिकामा करून त्याचे गरम-थंड पाइप एकमेकांना जोडले, म्हणजे त्यात लिटरच्या लिटर अँटिफ्रीझ वाया जात नाही. मग एकेक नळ, शॉवर, संडासाचा पंप. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत फक्त प्रॉपिलीन ग्लायकॉल. गाडीत वापरतात ते इथिलीन ग्लायकॉल विषारी, त्याचा डबाही बोटीवर आणू नको, हे तुम्ही तीनदा बजावलं होतंत.

पण खरी कसोटी इंजिनाची होती. इथे सकाळचे अकरा, तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ. इंजिनाचा पाणी ओढणारा पाइप बादलीत सोडून मी थेट गुलाबी ओतायला निघालो होतो. तुम्ही फोनवर नुसता आवाज ऐकून म्हणालात, "थांब, अजून तापलं नाही." थंड इंजिनात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप, बंद असतो. गुलाबी पाणी बाहेरच्या वाटेने वळसा घालून एक्झॉस्टमधून पडतं, आपण खूश होतो आणि ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात, जुनंच पाणी बसून राहतं. माझ्या इंजिनाला वेगळा कूलंट नाही, तळ्याचंच पाणी ब्लॉकमधून फिरतं, म्हणून हे कळणं फार मोलाचं होतं. आधी साध्या पाण्यावर तापवलं, मगच बादली बदलली. मध्ये पंप कोरडा पडू दिला नाही, नाहीतर पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चाक, इम्पेलर, गेलंच.

एक्झॉस्टमधून गुलाबी आलं, इंजिन बंद केलं. तुम्ही म्हणालात, "आता ब्लॉकचा ड्रेन उघड." उघडला, काहीच येईना. मला वाटलं, ब्लॉक रिकामा असेल. "तार घाल." तार घातली, फिरवली. आधी गंजाचे खपले पडले, मग चहासारखं तपकिरी पाणी आणि मग स्वच्छ गुलाबी. तुम्हाला दिसावं म्हणून मी वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. तुम्ही चष्मा लावून नीट पाहिलीत आणि म्हणालात, "बराबर. आता जेवतो." तेव्हा लक्षात आलं की तुम्ही दोन तास जेवणाचे खोळंबला होतात.

काका, इथली थंडी उणे वीसपर्यंत उतरली त्या रात्री मी पहिल्यांदाच बोटीच्या काळजीशिवाय झोपलो. ती झोप तुम्ही दिलीत. मनापासून आभार.

गाळणीची नवी वाटी बसवली आहे. यंदाही ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, तुमच्या रात्री साडेआठला फोन करीन. काकूंना सांगा, त्या दिवशी पानं आठलाच घ्या.

तुमचा,
समोरच्या वाड्यातला