टी-शर्ट फुकट वाटू नकोस

पुणे,
रविवार रात्र

प्रिय गड्या,

परवा तुझी एसटी खंबाटकी घाटात शिरली आणि फोन तुटला, ते एका अर्थी बरंच झालं. जे सांगायचं होतं ते फोनवर मला नीट सांगता आलं नसतं. आज जेवण झाल्यावर बसलोय लिहायला.

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या बँडच्या अल्बमच्या पहिल्या गिगसाठी, म्हणजे जाहीर कार्यक्रमासाठी, तुम्ही शंभर टी-शर्ट छापताय. तुमचा ड्रमर म्हणतो, दारात पहिल्या शंभर जणांना फुकट देऊन टाकू, गावभर नाव होईल. एक दुकानदार छपाईचा सगळा खर्च उचलायला तयार आहे, फक्त पाठीवर त्याच्या दुकानाचं नाव हवं. आणि तू मधे अडकलायस. माझं उत्तर आधी सांगून टाकतो, मग कारणं. स्टिकर वाट, गाणी वाट, गाण्यांच्या शब्दांचा कागद वाट. टी-शर्ट मात्र वीक. आणि त्याची पाठ कोरी ठेव.

आमच्या बँडचं २०१३ साली काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, तू तेव्हा बंगळूरला होतास. आम्ही १२० शर्ट काढले. नगाला २१० रुपये, म्हणजे २५,२०० रुपये. चौघांनी प्रत्येकी ६,३०० घातले, आणि ते पैसे खरं म्हणजे पुढच्या दोन गाण्यांच्या मिक्सिंगसाठी बाजूला ठेवलेले होते. स्वस्तात पडावं म्हणून सगळे एकाच मापाचे, एल. गिगच्या दिवशी दारात टेबल लावलं आणि वीस मिनिटांत टेबल रिकामं. आम्ही आत साउंडचेक करत होतो, कुणीतरी येऊन सांगितलं की सगळे संपले, आणि आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. वाजवायला उभे राहिलो तेव्हा समोर साठ-सत्तर माणसं होती. १२० शर्ट गेले होते आणि त्यातला अंगात घातलेला एकही दिसत नव्हता.

पुढच्या मार्चमध्ये गाडीची चेन टाईट करायला कर्वेनगरच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या पोराने वंगण पुसायला फडकं उचललं. काळं, एका बाजूने टरकावलेलं, आणि त्यावर आमच्या बँडच्या नावाची पहिली दोन अक्षरं. मी ते फडकं हातात घेऊन बघितलं. पांढरी शाई कुठेही उललेली नव्हती, कडांना जशीच्या तशी. म्हणजे तो शर्ट एकदाही धुतला गेला नव्हता, कारण तो एकदाही कुणी घातला नव्हता. घडीतून सरळ फडक्यात आला होता. त्या पोराला काय बोलणार? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते आमचं. दोन दिवस मी बास गिटार हातात घेतली नाही.

त्यानंतर मी यावर बराच विचार केला, आणि मला वाटतं याचं मूळ आपल्या इथल्या सवयीत आहे. आपल्याकडे टी-शर्ट फुकटच येतो. गणपतीत मंडळाचा येतो, पाठीवर बिल्डरचं नाव. दहीहंडीला पथकाचा येतो, पाठीवर नगरसेवक. निवडणुकीत येतो, मॅरेथॉनला येतो, कंपनीच्या कार्यक्रमात येतो. प्रत्येकाच्या कपाटात खालच्या कप्प्यात असे पाच-सहा पडलेले असतात आणि दिवाळीच्या साफसफाईला त्यातला एक बाहेर निघतो. तू तुझा शर्ट फुकट दिलास की तो त्या कप्प्यात जातो. कापड चांगलं आहे, डिझाइन सुंदर आहे, याने काही फरक पडत नाही. घेणाऱ्याच्या मनात त्याची जागा आधीच ठरलेली असते. आणि पाठीवर दुकानाचं नाव आलं, की मग पुढे तुमचं नाव असो की मंडळाचं, सगळं एकच. म्हणून त्या दुकानदाराला हात जोडून नाही म्हण. त्याला खरंच मदत करायची असेल तर गिगच्या पोस्टरवर त्याचे आभार मान, तिथे त्याचं नाव शोभेल. लोकांच्या पाठीवर नको.

आता दुसरी गोष्ट, ही तुला मी कधी सांगितलेली नाही. २०१४ला आम्ही फक्त ६० शर्ट काढले आणि ४०० रुपयांना लावले. त्या रात्री ३१ खपले. कमी वाटतात ना? पण पुढच्या प्रत्येक गिगला त्यातले आठ-दहा समोरच्या गर्दीत दिसायचे, वर्षभर. आणि त्या ३१मधला एक साताऱ्याचा पोरगा. कॉलेजात असेल, पाठीला सॅक. शर्ट उलटसुलट करून बघितला, शिवण बघितली, मग पाकीट उघडून पैसे मोजले. ४३० होते आणि परतीच्या एसटीचं तिकीट काढायचं होतं. आमच्या गिटारवाल्याने त्याच्या हातात शर्ट कोंबला, म्हणाला, घेऊन जा रे. तो म्हणाला, ‘तसा नको दादा. विकत पाहिजे.’ शेवटी २५० घेतले, दीडशे राहिले. पुढच्या गिगला तो आला तो आधी टेबलापाशी, शंभराची आणि पन्नासाची नोट ठेवली, आणि मग आत गेला. अंगात तोच शर्ट, मान थोडी सैल झालेली.

तोपर्यंत मी विक्रीकडे आमच्या बाजूनेच बघत होतो: पेट्रोल निघेल का, रिहर्सल रूमचं भाडं निघेल का. त्या पोराने मला दुसरी बाजू दाखवली. ज्याला गाणं लागतं त्याला काहीतरी द्यायचं असतं. तिकिटाचे पैसे जागेच्या मालकाकडे जातात, गाणी तो फोनवर ऐकतो आणि त्यातून आपल्याला पैशांतही मोजता येत नाही इतकं कमी मिळतं, हे त्यालाही ठाऊक असतं. तुमच्या हातात थेट काही ठेवायची जागा त्याच्यासाठी एकच उरते, ते टेबल. तिथे सगळं फुकट मांडलंस तर तू त्याचं देणंच नाकारतोस.

तुमचा ड्रमर फुगाझीचं नाव घेतो असं तू म्हणालास. मलाही तो बँड फार प्रिय आहे, म्हणून जरा थांबून लिहितो. वॉशिंग्टनच्या त्या लोकांनी शर्ट वाटले नाहीत, त्यांनी शर्ट काढलेच नाहीत. त्यांचा आग्रह तिकिटाबद्दल होता: पाच डॉलर, वयाची अट नाही, कुणालाही येता यावं. रेकॉर्डच्या किमतीही खाली ठेवायच्या. लोकांना मात्र शर्ट इतका हवा होता की दुसऱ्यांनीच ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नाही’ असं छापलेले शर्ट विकले! तेव्हा त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर तुमचं तिकीट शंभर रुपयांनी कमी करा, विद्यार्थ्यांना परवडू द्या. ते मला शंभर टक्के मान्य आहे.

आणि गाणं फुकट द्यायला माझा मुळीच विरोध नाही, हे त्याला सांग. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडने २०१०पासून दर महिन्याला एक याप्रमाणे अख्ख्या अल्बमची गाणी वेबसाइटवर मोफत ठेवली होती. ते तेव्हा नावाजलेले होते, विकली असती तर विकली गेली असती. पण गाण्याची हजारावी प्रत द्यायला खिशातून काही जात नाही, आणि शंभराव्या शर्टाला पहिल्याइतकंच कापड लागतं. इंग्लंडच्या रेडिओहेड बँडने २००७च्या ऑक्टोबरमध्ये हेच केलं: नव्या अल्बमच्या डाउनलोडची किंमत ऐकणाऱ्याने ठरवायची, शून्य टाकलं तरी चालेल. त्याच वेळी रेकॉर्ड आणि पुस्तिकेची जाड पेटी ४० पौंडांना ठेवली होती. लोक फक्त डाउनलोडचंच बोलतात, ती पेटी विसरतात.

फुकट देतानाही घेणाऱ्याने हात पुढे केलेला असावा लागतो. २०१४च्या सप्टेंबरमध्ये यूटू बँडचा नवा अल्बम ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या दुकानातल्या सुमारे पन्नास कोटी खात्यांत न विचारता जाऊन बसला, आणि लोक इतके चिडले की तो काढून टाकायला ॲपलला वेगळी सोय करून द्यावी लागली. एवढा मोठा बँड, आणि भेट दिली तरी शिव्या खाल्ल्या. दारात प्रत्येकाच्या हातात शर्ट कोंबणं मला त्याच जातीचं वाटतं.

आपल्याकडेही हे नवं नाही रे. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत संगीत नाटकांच्या पदांची पातळ पुस्तकं होती, नाट्यगृहाच्या दारात विकत घेतलेली, काही आण्यांची. कागद पिवळा पडून कडा तुटत होत्या, पण एकही पान हरवलं नव्हतं. काही पदांच्या समोर शिसपेन्सिलीने खुणा होत्या, आवडलेल्या जागांच्या. तमाशाच्या, पोवाड्यांच्या पुस्तिका जत्रेत अशाच विकल्या जायच्या. शाहीर पोवाडा मोकळ्या मैदानात सगळ्यांना ऐकवायचा आणि पुस्तिका विकायचा, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आता कामाचं. जागेच्या मालकाशी आधीच बोलून घे. काही ठिकाणी तुमच्या विक्रीतूनही वाटा मागतात. एका जागी आमच्याकडून पंचवीस टक्के घेतले आणि ते आम्हाला गिग संपल्यावर, हिशेबाच्या वेळी कळलं. ४०० रुपयांच्या शर्टातले शंभर गेले, २१० छपाईचे, उरले नव्वद चौघांत. मला त्याचा अजून राग आहे. जागा देतात, दिवे देतात, त्याचे पैसे तिकिटातून घेतात. शर्ट शिवण्यात आणि छापण्यात त्यांचा काय हात? स्पष्ट विचार, आणि टक्का मागितलाच तर तो आधी लिहून घे.

छपाई एकाच रंगात कर. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे रंग वाढला की खर्च वाढतो, आणि तुमचं ते डोंगराचं चित्र काळ्यावर पांढऱ्या एका रंगातच जास्त उठून दिसेल. कापड १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) खाली नको. छापणाऱ्याला शाई नीट भाजायला सांग. प्लॅस्टिसॉल, म्हणजे प्लॅस्टिकच्या शाईला साधारण १६० अंश सेल्सिअस उष्णता आरपार मिळावी लागते, घाईत काढली तर दोन-तीन धुण्यांत भेगा पडतात. शंभर नको, साठच काढ. एम आणि एल जास्त, एस दहा तरी ठेव, मुली विचारतात आणि नसला की हिरमुसून जातात. डबल एक्सएलही चार-पाच.

किंमत सरळ ५०० ठेव. एक नोट, सुटे शोधायला नको. क्यूआर कोड छापून लावच, पण तळघरात रेंज जाते म्हणून सुट्या पैशांचा डबाही असू दे. टेबल अंधाऱ्या कोपऱ्यात नको, बाहेर पडायच्या वाटेवर, वर एक दिवा, आणि एक शर्ट हँगरला टांगलेला. स्टिकर विनाइलचे काढ, कागदी स्टिकर पहिल्या पावसात जातात. पाचशे काढ आणि हात न आखडता दे. लॅपटॉपवर, हेल्मेटवर, होस्टेलच्या कपाटावर ते वर्षानुवर्षं राहतात, आणि तुमच्या ड्रमरला जे गावभर नाव हवंय ते त्यातून होतं.

ओळखीच्यांचं मात्र सांभाळ. पहिल्या तासात कॉलेजचे मित्र, चुलतभाऊ, दुसऱ्या बँडवाले येतील आणि ‘आपल्याला काय पैसे लावतोस’ म्हणतील. भीड भिकेची बहीण, हे मी त्या टेबलामागे उभा राहून शिकलो. ज्यांनी खरंच राबलंय त्यांना दे: साउंडवाला, ज्याने चित्र काढलं तो, जिच्या घरी दोन वर्षं रिहर्सल केली ती काकू. त्यांची नावं आधीच कागदावर लिही, आठ-दहा होतील. ते शर्ट बाजूला काढून ठेव आणि स्वतः नेऊन दे. बाकी सगळ्यांना ५००.

आणि सगळ्यात मोठं सांगायचं राहिलंच. सेट संपला की ग्रीनरूममध्ये जाऊ नका. घामेजलेले असाल, हात थरथरत असतील, तसेच टेबलापाशी येऊन उभे राहा, चौघेही. लोकांना बोलायचं असतं आणि नुसतं येऊन बोलायला ते लाजतात. शर्ट घ्यायचं निमित्त असलं की बोलतात. कोणत्या गाण्याला अंगावर काटा आला, कोणता शब्द कळला नाही, हे मला तिथे जेवढं कळलं तेवढं कुठेच कळलं नाही.

तुला आठवतं, डिसेंबर २०१०, कोरेगाव पार्कातला पहिला वीकेंडर संगीत महोत्सव? तू तिथे घेतलेला तो राखाडी शर्ट. मागच्या वर्षी तुझ्याकडे आलो तेव्हा तुझ्या अंगात होता, गळ्याची शिवण काकूंनी दोनदा घातलेली. तेव्हा तो घेताना तू मला विचारलं होतंस, महाग आहे का रे? मी हो म्हणालो होतो.

या आठवड्यात छापणाऱ्याकडून नमुन्याचा एक शर्ट मागवून घे. तो गरम पाण्यात तीनदा धू, दोरीवर उन्हात वाळव, छपाईची जागा दोन्ही हातांनी ताण आणि मला फोटो पाठव. ठीक असेल तरच पुढचे एकोणसाठ सांग. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतोय, टेबल मी सांभाळीन.

काकूंना नमस्कार.

तुझाच