जुन्या रेकॉर्डी मोबाइलवर चढवण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरोघरच्या माळ्यांवरून सध्या जुन्या रेकॉर्डींचे गठ्ठे खाली उतरताहेत. काही थेट भंगारात जातात, काही कुणीतरी हौसेने डिजिटल करतो आणि दुसऱ्या दिवशी त्या व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. भंगारात गेलेल्याचे दुःख आहेच. पण डिजिटल झालेल्या कित्येक गाण्यांचेही हाल पाहवत नाहीत: सूर चढलेला, ताल पळत सुटलेला आणि खरखर काढण्याच्या नादात तंबोराही पुसला गेलेला. ‘संत तुकाराम’ किंवा ‘कुंकू’च्या काळातले गाणे असे ऐकले की तरुण श्रोत्याला वाटते, तेव्हाचे लोक असेच घाईघाईने, नाकातून गात असावेत. ते तसे गात नव्हते. आपण त्यांना तसे गायला लावतो.

आधी हातातली तबकडी कसली, ते ओळखावे. जड, कडक, टिचकी मारल्यास खणखणणारी आणि हातातून पडली तर फुटणारी ती लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची. तिच्या दहा इंची बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावतात. हलकी, किंचित वाकणारी ती व्हिनाइलची. भारतात लाखेच्या रेकॉर्डी १९६०च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे नुसत्या वर्षावरून अंदाज बांधू नये. हा फरक पहिल्यांदा नडतो तो धुताना. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर, कोलन, आयसोप्रोपिल अल्कोहोल यांपैकी काहीही लाखेच्या रेकॉर्डीला लावले तर खाचा कायमच्या जातात. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवावा, आडवा नाही. मधले लेबल कोरडे ठेवावे, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत उभे वाळवावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पांढरी बुरशी धरलेली असते. ती धुऊन निघते, पण जुन्या कागदी पाकिटात परत घातली की पुन्हा येते. पाकीट बदलावे आणि रेकॉर्डी उभ्याच ठेवाव्यात, थप्पी लावू नये.

आता सुई. बहुतेक चुका इथेच होतात. लाँग प्ले (व्हिनाइलच्या, ३३⅓ फेऱ्यांच्या) रेकॉर्डीची सुई सुमारे ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची असते, ७८ची खाच मात्र रुंद असते आणि तिला साधारण ३ मिलची सुई लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते. तिथे गाणे नसते, धूळ असते. मग खरखर दुप्पट होते आणि दोष रेकॉर्डीवर येतो. बाजारातले सूटकेससारखे दिसणारे प्लेअर ३३⅓, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग देतात, पण सुई बहुतेकदा एकच देतात. ७८ची वेगळी सुई घेतली की निम्मे काम तिथेच होते. चावीच्या ग्रामोफोनवर लाँग प्ले मात्र चुकूनही लावू नये. त्याच्या साउंडबॉक्सचा (सुई धरणाऱ्या डबीचा) भार शंभर ग्रॅमच्या वर असतो, आधुनिक प्लेअरच्या कार्ट्रिजचा असतो जेमतेम काही ग्रॅम. एका फेरीतच व्हिनाइल नांगरले जाते.

वेगाबद्दल थोडे सविस्तर. टर्नटेबलवर (रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रावर) ७८ लिहिले म्हणजे ७८ मिळतात असे नाही. स्ट्रोबची चकती, म्हणजे वेग तपासायची रेघांची कागदी चकती, छापून फिरत्या ताटलीवर ठेवावी. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ७८साठी ७७ रेघा लागतात आणि ३३⅓साठी १८०. पाहायला निऑनचा किंवा साधा जुना दिवा घ्यावा, बरेचसे एलईडी उपयोगी पडत नाहीत. रेघा स्थिर दिसल्या की ताटली बरोबर. तरी गाणे बरोबर असेलच असे नाही, कारण सुरुवातीच्या काळात मुद्रणच कधी ७२-७४ फेऱ्यांवर, कधी ८०च्या पुढे होई. इथे साथीची पेटी कामाला येते. वेगात सहा टक्के फरक म्हणजे जवळपास एका पट्टीचा फरक. पेटीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधेच लोंबकळत असेल तर शंका घ्यावी. मात्र जुन्या पेट्या आजच्या सुरात लावलेल्या असतीलच असे नाही, तेव्हा शेवटचा निवाडा कानाचाच. टर्नटेबलला ७८ नसेल तर ४५वर मुद्रण करून संगणकावरच्या ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ७३.३ टक्क्यांनी वाढवता येतो. तिथे ‘चेंज स्पीड’च (नव्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड अँड पिच’) वापरावे. ‘चेंज टेम्पो’ने लय बदलते पण सूर खालीच राहतो, आणि मग बाईंचे गाणे बुवा गाताहेत असे वाटते.

फोनो प्रीॲम्प, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारे उपकरण, १९५४नंतर रूढ झालेल्या ‘आरआयएए’ वळणाप्रमाणे (खालचे-वरचे स्वर किती कमी-जास्त करायचे त्या ठरलेल्या मापाप्रमाणे) आवाज सुधारतो. त्याआधीच्या रेकॉर्डी त्या मापाने कापलेल्या नाहीत, म्हणून त्या मंद, दबलेल्या वाटतात. वरचे स्वर थोडे उचलावे लागतात. पण हे सगळे नकलेवर. मूळ मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजातले काहीही न गाळणाऱ्या) स्वरूपात, कसलीही सफाई न करता ठेवावे. सव्वातीन मिनिटांच्या एका बाजूला वेव्हमध्ये सुमारे ११२ एमबी लागतात. आजच्या काळात ही काही मोठी जागा नाही. सर्वांत मोठा आवाजही शून्याच्या सहा डेसिबल खाली राहील असे पाहावे. खरखर काढायची सॉफ्टवेअरे दरवर्षी सुधारतात, एकदा छाटलेले मूळ मात्र परत येत नाही.

रेकॉर्डीबरोबर लेबलाचा फोटो आणि शेवटच्या खाचेजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही (त्या मुद्रणाचा ओळखक्रमांक) घ्यावा. लेबलावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘महल’च्या (१९४९) रेकॉर्डीवर ‘आयेगा आनेवाला’ची गायिका म्हणून लताबाईंचे नाव नव्हते, ‘कामिनी’ या पात्राचे होते. अगदी जुन्या रेकॉर्डींच्या शेवटी कलावंत स्वतःचे नाव सांगतात, तेही कापू नये.

‘सिनेमात कडवे होते, रेकॉर्डीत नाही’ अशी तक्रार नेहमी येते. ती बरोबर आहे. सव्वातीन मिनिटांत बसवायला कडवी गाळली जात, कधी वाद्यमेळही छोटा केला जाई. ‘गीतरामायणा’तही आठवण आणि रेकॉर्ड जुळत नाहीत. १९५५-५६मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून ५६ गीते वेगवेगळ्या गायकांनी गायली, पुढे घरोघर पोहोचलेल्या रेकॉर्डी बाबूजींच्या (संगीतकार सुधीर फडके यांच्या) आवाजातल्या. आठवणीतला आवाज वेगळा वाटला तर कानाला दोष देऊ नये.

कॅसेटचे थोडक्यात: आतला स्पंजचा तुकडा गळाला असेल तर आधी दुसरा बसवावा. लावण्यापूर्वी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्यावी आणि प्लेअरचे हेड (फीत वाचणारा भाग) आयसोप्रोपिलने पुसावे (इथे चालते). हेडशेजारचा बारीक स्क्रू मोनोवर ऐकत, आवाज सर्वांत खुला होईपर्यंत किंचित फिरवावा.

आता कायदा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, शब्द आणि चालीचा मात्र कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे. ‘गीतरामायणा’चे कवी गदिमा (ग. दि. माडगूळकर) १९७७मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. घरी ऐकायला जपून ठेवणे वेगळे आणि यूट्यूबवर टाकणे वेगळे.

ज्यांना हा खटाटोप जमणार नाही, त्यांनी निदान भंगारवाल्याला बोलावण्याआधी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सकडे किंवा गावातल्या एखाद्या संग्राहकाकडे विचारणा करावी. जाताना सगळ्या लेबलांचे फोटो न्यावेत. फुटक्या रेकॉर्डींचेसुद्धा.

आपले,
जुन्या ध्वनिमुद्रिकांचे काही संग्राहक, पुणे