"नक्षलग्रस्त" शिक्का निघेल हो, पण डॉक्टर कधी येणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती शरण आला तेव्हापासून गडचिरोली पहिल्या पानावर यायला लागलीय ते बरंच झालं, नाहीतर आमच्या मुंबईत हा जिल्हा आठवतो कधी तर तिथे पोलीस मारले गेले की, किंवा मंत्रालयात कुणी साहेब चिडून "गडचिरोलीला पाठवीन" म्हणाला की. १५ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्र्यांसमोर भूपती आणि त्याच्या साथीदारांनी शस्त्रं खाली ठेवली, त्याआधी मे महिन्यात छत्तीसगडात त्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला, नंतर नोव्हेंबरात त्यांचा कमांडर हिडमा, आणि केंद्रीय गृहमंत्र्यांनी तर ३१ मार्च २०२६ अशी तारीखच देऊन ठेवली होती. नक्षलवाद आटोपत आलाय हे मान्य, आनंद पण आहे, मला त्या बंदुकांबद्दल कधीच काही कौतुक नव्हतं. पण या सगळ्या बातम्यांत हिशोब एकाच बाजूचा असतो, म्हणजे किती मारले, किती शरण आले, किती एके-४७ जप्त झाल्या. गावातली साधी माणसं किती गेली, आणि दवाखाना, शाळा, एसटी, ग्रामपंचायत यांचं चाळीसेक वर्षांत काय झालं हे कुठेच नसतं, म्हणून हे पत्र.

आधी हे स्पष्ट लिहितो की नक्षलवाद्यांनी मारली ती माणसं बहुतेक आदिवासीच होती, ज्यांच्या नावाने लढाई चालली होती तीच. पोलिसांचं २००९ साल आपल्याला माहीत असतं, मरकेगाव, हत्तीगोटा, लाहेरी, एकाच वर्षात ५० च्या वर जवान गेले, आणि २०१९ च्या महाराष्ट्र दिनी जांभुळखेड्याला पोलिसांची गाडी उडवली त्यात १५ जवान. त्या गाडीचा खासगी ड्रायव्हर पण त्यांच्याबरोबर गेला, पण तो सोळावा माणूस कुणाच्या लक्षात आहे सांगा? त्याच वर्षी जानेवारीत भामरागड तालुक्यातल्या कसनासूरच्या तीन गावकऱ्यांना खबरे ठरवून मारलं, का तर आदल्या वर्षी एप्रिलमध्ये त्या भागात चकमक होऊन ४० नक्षलवादी मेले होते आणि कुणावर तरी राग काढायचा होता. मग रस्त्यावर प्रेत आणि शेजारी पत्रक. पोलिसांना मानवंदना तरी मिळते, "खबऱ्या" म्हणून मेलेल्याच्या घरी भेटायला जायला पण लोक घाबरतात.

मी परळला राहतो. इथे कॅन्सरच्या हॉस्पिटलच्या आजूबाजूला फुटपाथवर आणि धर्मशाळांत देशभरातले पेशंट आणि त्यांची माणसं असतात, आमच्या बिल्डिंगमधले काही जण रविवारी डबे नेऊन देतो, तिथे एटापल्ली तालुक्यातल्या एका गृहस्थांशी ओळख झाली. बायकोला घेऊन आलेले. त्यांच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आणखी पिशव्या, प्रत्येकीला गाठ मारलेली, एकीत रेशन कार्ड, एकीत उत्पन्नाचा दाखला, एकीत रिपोर्ट, आणि एकीत लॅमिनेशन केलेली एफआयआरची कॉपी. मी म्हटलं काका, दवाखान्यात एफआयआर कशाला आणलीत, तर म्हणाले, "कोनतं ऑफिस काय मागन सांगता येत नाही जी, म्हून सप्पा कागद संगच ठेवतो." ती एफआयआर त्यांच्या मोठ्या भावाच्या खुनाची. भावाचा गुन्हा एवढाच की रस्त्याच्या कामावर मुरूम टाकायला त्याचा ट्रॅक्टर चालायचा. रात्री घरून नेलं आणि सकाळी त्याच रस्त्यावर सापडला. त्यानंतर सगळं घर गाव सोडून एटापल्लीला भाड्याच्या खोलीत, धानाची शेती पडीक, मोहाची झाडं दुसऱ्याच्या हातात. गाव सोडायच्या आधीचं आयुष्य त्यांनी एका वाक्यात सांगितलं, रात्री दलम (म्हणजे नक्षलवाद्यांची तुकडी) आलं तर जेवू घालावं लागे, आन् सकाळी पोलीस आले तर काहून जेवू घातलं म्हून मार.

आणि बायकोचं? गाठ हाताला लागली तेव्हा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी, नर्सबाईंनी वेदनाशामक गोळ्या दिल्या, त्या तरी बिचाऱ्या काय करणार, मग पुजारी, मग कुणीतरी सांगितलं म्हणून अहेरी, तिथून चंद्रपूर, नागपूर आणि शेवटी इथे, तोपर्यंत आजार किती पुढे गेला असेल ते तुम्हीच बघा. भावाला बंदुकीने मारलं हे सरकार मान्य करतं, कागद आहे. बायकोचा उशीर कुठल्या कागदावर आहे?

आता कुणी म्हणेल नक्षलवादी होते म्हणून डॉक्टर जात नव्हते, रस्ता होत नव्हता. अर्धं खरंच आहे ते. रस्त्याची मशिनरी जाळायचे, मोबाइलचे टॉवर जाळायचे, ग्रामपंचायतीची ऑफिसं जाळली, २०१६ च्या डिसेंबरात सूरजागडला लोहखनिजाचे ट्रक रांगेने पेटवले, कुठला कंत्राटदार टेंडर भरणार? २८ जुलैपासून त्यांचा शहीद सप्ताह, २ डिसेंबरपासून पीएलजीए, म्हणजे त्यांच्या सशस्त्र सेनेचा सप्ताह, म्हणजे झाडं पाडून रस्ता बंद, एसटी बंद, बाजार बंद, आणि बाळंतपण काही सप्ताह बघून येत नाही. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडून लेव्ही म्हणजे खंडणी घ्यायचे, तो ठेकेदार स्वतःच्या खिशातून थोडाच देणार, मजुराच्याच भावातून काढणार ना. आम्ही मुंबईकर संध्याकाळी ऑफिसातून सुटून ६ पर्यंत मतदान करतो (करत नाही हा भाग वेगळा), तिकडे २०२४ च्या लोकसभेला सुद्धा दुपारी ३ लाच मतदान बंद, आणि कित्येक ग्रामपंचायतींत फॉर्म भरायलाच कुणी पुढे यायचं नाही, सदस्याच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. सदस्य नाही म्हणजे ठराव नाही, ठराव नाही म्हणजे काम नाही.

पण उरलेलं अर्धं? त्याच जंगलात १९७३ पासून हेमलकशाचा दवाखाना चालू आहे, दलम आलं, गेलं, पोलिसांचं सी-६० पथक आलं, दवाखाना बंद नाही पडला. डॉ. बंग पतीपत्नींनी १९८६ पासून त्याच जिल्ह्यात काम केलं, गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं वाचवली, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे देशाने ती पद्धत घेतली. मेंढा-लेखा धानोरा तालुक्यातलं गाव, म्हणजे नक्षलच्या ऐन पट्ट्यातलं, त्यांनी ग्रामसभेच्या जोरावर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक पासवर विकला. म्हणजे करायचं म्हटलं की होत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात एक आईबाप आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन आरोग्य केंद्रातून चिखलातून चालत घरी गेले, तुमच्याकडेही आलं असेल, सगळीकडे व्हिडिओ फिरला, त्यात कुठला नक्षलवादी आडवा आला होता? ॲम्ब्युलन्स नव्हती, रस्ता नव्हता, विषय संपला. भामरागड दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटतं, ते पण बंदुकीमुळे नाही. "नक्षलग्रस्त भाग" हे दोन शब्द फाइलवर लिहिले की पुढचा प्रश्न कुणी विचारायचा नाही, अशी सोय झाली होती सगळ्यांची. रिक्त पदं का, नक्षलग्रस्त. मास्तर आठवड्यातून दोनदाच का येतात, नक्षलग्रस्त. पूल का नाही, तेच.

१ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी अहेरी ते गर्देवाडा एसटी सुरू केली, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा त्या गावांत लाल डबा पोचला, मला खरंच बरं वाटलं तो फोटो बघून. पण त्या एसटीत बसून माणूस ज्या दवाखान्यात जाणार तिथे खुर्चीत कुणी बसलेलं असेल का हे कोण बघतंय?

आणि आता माझी खरी काळजी. हा शिक्का निघाला की त्याच्याबरोबर सवलती पण निघणार का? नक्षलग्रस्त आणि आदिवासी भागात नोकरी केली तर एक पायरी वरचा पगार मिळतो, एकस्तर म्हणतात त्याला, प्रोत्साहन भत्ता मिळतो. एवढं देऊनही जागा भरत नव्हत्या. उद्या वित्त विभागातला कुणी हुशार अधिकारी म्हणेल जिल्हा नॉर्मल झाला, बंद करा, मग जे मास्तर आणि नर्सबाई आज तिथे आहेत ते पण बदली मागतील. पोलिसांची मदत केंद्रं सध्या दाखले, आधार, योजनांचे फॉर्म वगैरे कामं करतात, पोलीस दादालोरा खिडकी म्हणून, चांगलं काम आहे, पण पोलीस कमी झाले की ती खिडकी कोण चालवणार, तहसीलचा माणूस तिथपर्यंत जाणार आहे का? पोलीस स्टेशन पोचतं तिथे तलाठी का पोचत नाही, हे मला कधी समजलं नाही.

शरण आलेल्यांना पैसे, घर, नोकरी देतात त्याला माझा विरोध नाही, २००५ पासून ही योजना आहे आणि तिच्यामुळे रक्त कमी सांडलं. पण त्या काकांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही. ज्या दलमने भावाला नेलं त्यातला एकजण आता शरण येऊन गडचिरोलीत नोकरीला आहे म्हणे, मग आम्हाला आमच्या शेतात परत कोन नेऊन देणार जी? केंद्राची योजना आहे, अशा हल्ल्यात मेलेल्या नागरिकाच्या कुटुंबाला ५ लाख, पण त्याला कागद लागतात, जबाब लागतो, आणि ज्या काळात जबाब दिला तर पुढचा नंबर आपला अशी अवस्था होती त्या काळातले किती जण कागदावर आले असतील? अशा सगळ्या घरांची गावनिहाय यादी सरकारने नव्याने करावी, घाबरून तेव्हा न बोललेल्यांना आता बोलू द्यावं, आणि पोलिसांच्या संशयापायी जे आत गेले आणि वर्षांनी निर्दोष सुटले त्यांचीही नावं त्याच यादीत घ्यावीत. इथे आपल्याकडे जनसुरक्षा कायद्यावरून जुलै २०२५ मध्ये एवढा धुरळा उडाला, शहरी नक्षल कोण आणि कोण नाही, चॅनलवर तासनतास, त्यात भामरागडचा एक माणूस बोलायला बसवला असता तर बिघडलं असतं का.

मुख्यमंत्री स्वतः गडचिरोलीचे पालकमंत्री आहेत, म्हणजे फाइल वर अडली म्हणायची पण सोय नाही. त्यांनी आरोग्य केंद्र आणि शाळानिहाय रिक्त पदांचा तक्ता दर तीन महिन्यांनी जाहीर करावा आणि एकस्तर किमान दहा वर्षं तरी हात न लावता तसाच ठेवावा. तुमच्या पेपरानेही जप्त बंदुकांच्या फोटोएवढीच जागा त्या तक्त्याला द्यावी, पहिल्या पानावर नको, आतल्या पानावर चालेल, पण दर वेळी द्यावी.

आपला,
एक जुना वाचक, परळ, मुंबई

ता.क. पत्र लांबलंय, कल्पना आहे. कापायचंच असेल तर चॅनलवाला भाग खुशाल कापा, यादीचा आणि रिक्त पदांचा भाग कृपया ठेवा.