काप्पी प्यायला गेलेल्या अय्यांस

आदरणीय अय्या,

सादर वणक्कम.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे. माझी मुलगी ते आपल्याला तमिळमध्ये वाचून दाखवील. कोईमतुरात जन्मलेल्या त्या मुलीचे तमिळ माझ्या मराठीपेक्षा चांगले आहे. मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच, की आपण माझ्यासाठी काय केलेत हे सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडच्या माझ्या माणसांनाही कळावे. गेल्या आठवड्यात आपण दागिने घडवायची आपली पट्टरै कायमची बंद केलीत आणि सोन्याचा उरलासुरला कीस माझ्याकडे गाळायला दिलात, तेव्हाच हे बोलायचे होते. परंतु घसा दाटून आला आणि मी नुसताच तराजूकडे पाहत राहिलो.

खानापूर, आटपाडी, तासगावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसांनी सोने-चांदी गलाईचा, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याचा, धंदा देशभर नेला. माझे चुलते १९७२ च्या दुष्काळात त्याच वाटेने बाहेर पडले. आमची रीत अशी, की गावातला पोरगा गाववाल्याच्या दुकानात भट्टीपाशी बसतो आणि सोने वितळवायची मूस, सुहागा, तेजाब हाताळायला शिकतो. ही नोकरी भावकीच्या शब्दावर मिळते. स्वतःचे दुकान काढायचे म्हटले, की तो शब्द चालत नाही, कारण गिऱ्हाईक भावकीतले नसते. त्याला आपले सोने अशा माणसाच्या हाती द्यायचे असते, जो रातोरात निघून गेला तर शोधायचा कुठे हेही ठाऊक नसते. शिवाय कीस वितळवला की वजनात घट येतेच. ती कचऱ्याची की गलाईवाल्याच्या हातचलाखीची, हे कोणी कसे ओळखावे?

२००९ साली मी दुकान उघडले, तेव्हा ज्या मालकाकडे मी अकरा वर्षे राबलो, आणि जे माझ्याच तालुक्यातले होते, त्यांनी ‘धंदा ज्याचा त्याचा’ म्हणून हात झटकले. एका बँकेने स्थानिक जामीनदार मागितला, आणि तो असता तर मी बँकेत गेलोच नसतो. गाळेमालकाने इतरांच्या दुप्पट अनामत घेतली. त्यांना मी सर्वस्वी दोष देत नाही, कारण आमच्याकडचाच एकजण काही वर्षांपूर्वी लोकांचे सोने घेऊन पळाला होता, आणि त्याचे देणे मागाहून येणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर चढले होते. तंजावरला १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते म्हणतात. आम्हा गलाईवाल्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

एकोणीस दिवस भट्टी पेटली ती फक्त रिकामी पडून गंजू नये म्हणून. विसाव्या दिवशी आपण आलात आणि कागदाच्या पुडीतला चाळीस ग्रॅम कीस तराजूवर ठेवलात. मी वजन मोठ्याने वाचले, मूस भट्टीत ठेवली आणि आपल्यासाठी स्टूल पुढे केले, कारण मुशीतले सोने लगडीच्या साच्यात पडेपर्यंत गिऱ्हाईक समोरून हलत नाही. डोळ्याला डोळा लावून बसते. आपण स्टुलाकडे पाहिलेही नाहीत. रस्त्यावर उभे राहून, समोरच्या तिन्ही पट्टरैंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "काप्पी साप्पिट्टु वरेन," म्हणजे कॉफी पिऊन येतो, आणि पाठ फिरवून निघून गेलात.

एक काप्पी प्यायला पाऊण तास लागत नाही, अय्या. आपण मुद्दाम उशीर केलात, हे मला पुढे वर्षभराने उमगले. त्या पाऊण तासात चाळीस ग्रॅम सोने आणि आपले चाळीस वर्षांचे नाव माझ्या एकट्याच्या हवाली होते आणि सारी गल्ली ते पाहत होती. परतल्यावर आपण लगडी न तोलताच खिशात टाकलीत. दुसऱ्या दिवशी समोरचे दोघे आले; त्यांतला एक स्टुलावर बसला, एक उभाच राहिला, पण आले.

जामीन कागदावर राहता येते, आणि तेवढ्यानेही मी आपला ऋणी झालो असतो. आपण ना माझे गाव विचारलेत, ना जात, ना मी कोणाच्या ओळखीचा. सभ्यपणाला भाषा लागत नाही असे लोक सहज बोलून जातात. मला तर त्या दिवशी आपले ते तीन तमिळ शब्दच पुरले, आणि ते आपण हळू आवाजात बोलला असतात तर पुरले नसते.

आपल्या शेवटच्या किसाची लगडी तयार आहे. आधीचे वजन, नंतरचे वजन आणि घट, तिन्ही चिठ्ठीवर लिहिले आहे. मुलगी पत्रासोबत घेऊन येईल. या खेपेस तरी तोलून घ्या.

आपला,
समोरचा गलाईवाला