तिसऱ्या मजल्यावरच्या पानींना

प्रिय पानी,

(आपल्या लोकांसाठी: 'पानी' म्हणजे हिंदीतलं पाणी नव्हे. पोलिशमध्ये बाईमाणसाला आदरानं असं म्हणतात.)

पत्र मराठीत लिहितेय, कारण माझ्या पोलिशमध्ये भाजी आणता येते, आभार मानता येत नाहीत. तुमचा नातू मोबाइलवर भाषांतर करून वाचून दाखवेल. चुका झाल्या तर त्या मोबाइलच्या.

आपली ओळख जिन्यात झाली. माझ्या हातात पोलंडच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ होता. नवरा ऑफिसला गेला की घर खायला उठायचं, म्हणून वाचायला घेतलेला. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी केलेल्या वाटण्या: १७७२, १७९३, १७९५. त्यानंतर १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, नकाशावर पोलंडच नाही. मी शाळेतल्यासारख्या सनावळ्या घोकत होते. तुम्ही पुस्तक चाळलंत, परत दिलंत आणि म्हणालात, "शनिवारी चहाला या." निवृत्त शिक्षिका ती! विद्यार्थी वासावरून ओळखला.

पहिल्या शनिवारी पुस्तक उघडलंच नाही. तुमच्या फळीवरच्या बरण्यांवर जर्मन अक्षरं होती. 'मेल', म्हणजे पीठ, असं लिहिलेल्या बरणीतून तुम्ही साखर काढलीत. "या कुठून आणल्या?" मी विचारलं. "घराबरोबर मिळाल्या," तुम्ही म्हणालात. आपलं हे व्रोत्स्वाफ १९४५ पर्यंत ब्रेसलाऊ होतं, जर्मनांचं. युद्ध संपलं, सरहद्दी पश्चिमेकडे सरकल्या, इथल्या जर्मनांना घालवून दिलं. तिकडे पोलंडचं ल्वूफ शहर (आजचं ल्विव) सोव्हिएत युक्रेनमध्ये गेलं आणि तिथले पोलिश लोक मालगाड्यांतून इथे आले. त्यांत तुमचे आईवडील. जर्मनांमागे राहिलेल्या घरांना, बरण्यांना, कपाटांना पोलिशमध्ये एक स्वतंत्र विशेषणच आहे, 'पोन्येमेत्स्के'. साठ वर्षांहून जास्त काळ तुम्ही पिठाच्या बरणीत साखर ठेवताय. मुद्दाम की सवयीनं, हे मी अजून विचारलेलं नाही.

मग तुम्ही मला शहरच वाचायला लावलंत. चौकात बसलेला नाटककार फ्रेद्रोचा पुतळा मुळात ल्वूफचा, १९५६ साली इथे आला. ओसोलिनेउम ग्रंथालय १८१७ मध्ये ल्वूफमध्ये स्थापन झालेलं. त्याच्या संग्रहाचा काही भाग युद्धानंतर इथे आला. आणि ते रात्स्वावित्सेच्या लढाईचं चित्र! १५ मीटर उंच, ११४ मीटर लांब, गोल दालनात आपल्याभोवती फिरलेलं. १७९४ मध्ये पोलिश सेनानी कोश्चुश्कोच्या सैन्यात विळेवाले शेतकरी रशियन तोफांवर धावून गेले, आणि एकानं आपल्या टोपीनं तोफेची पेटती वात विझवली म्हणतात. आमच्या बखरीत शोभेल असा प्रसंग. पण तुम्ही मला चित्रापेक्षा त्याची गुंडाळी समजावलीत. रशियाचा पराभव दाखवणारं चित्र सोव्हिएत मित्रांना कसं चालणार? म्हणून ल्वूफहून आणल्यावर ते जवळजवळ चाळीस वर्षं गुंडाळून ठेवलेलं होतं. १९८५ मध्ये उघडलं. तुमचे वडील तेव्हा रांगेत उभे होते. त्यांनी ते लहानपणी ल्वूफमध्ये पाहिलेलं.

पोलिश लोकांचं लाडकं महाकाव्य 'पान तादेउश'. त्याच्या पहिल्याच ओळीत कवी लिथुआनियाला 'माझी मायभूमी' म्हणून हाक मारतो, हे वाचून मी बावचळले होते. छापलं पॅरिसमध्ये, १८३४ साली. आणि ते लिहिणाऱ्या मित्स्क्येविचनं वॉर्सा आयुष्यात पाहिलं नाही. मी म्हटलं, हा कसला राष्ट्रकवी? तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणालात, "मला माझं गाव विचारा बरं." विचारलं. तुम्ही म्हणालात, "ल्वूफ." जन्म इथला, व्रोत्स्वाफचा.

(पिएरोगी रुस्के म्हणजे रशियन पिएरोगी नव्हेत, हेही तुमच्याकडूनच कळलं. ते ल्वूफच्या बाजूच्या जुन्या रुथेनियाचे. बटाटा-पनीर भरलेली उकडलेली करंजी, असं मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, उकडलेली? काहीतरीच!)

आता खरं कारण. मागच्या हिवाळ्यात तुम्ही एक जुना फोटो बाहेर काढलात. बैठ्या बराकींची रांग, पुढे स्काउटच्या गणवेशातल्या मुली. त्यांतली एक तुमच्या वडिलांची आतेबहीण. तिचे वडील जंगलखात्यात होते, म्हणून फेब्रुवारी १९४० मध्ये सोव्हिएतांनी सगळं घर सैबेरियाला नेलं. पुढे हिटलर रशियावर उलटला, स्टालिनला मित्र हवे झाले, पोलिश कैदी सुटले. १९४२ मध्ये जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्याबरोबर ती कास्पियन समुद्र ओलांडून इराणला आली, आणि तिथून… तुम्ही फोटो उलटा केलात. मागे शाईनं लिहिलेलं: वळिवडे, कोल्हापूर.

पानी, मी कोल्हापूरची आहे, हे तुम्हाला माहीत होतं. वळिवड्यात १९४३ ते १९४८ जवळपास पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, शाळा-चर्चसह गाव थाटून राहिले होते, हे मला माहीत नव्हतं. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं वसली. तेच आमचं गांधीनगर! माझ्या लग्नाचा बस्ता तिथेच बांधला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र बरणीतून आणखी एक चमचा साखर घातलीत आणि म्हणालात, "म्हणजे तुमच्याकडेही बरण्या आहेत."

त्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, व्हिगिलियाला, तुम्ही आम्हाला बोलावलंत. बारा पदार्थ आणि मटणाचा पत्ता नाही, कोल्हापूरकरांची परीक्षाच. टेबलक्लॉथखाली गवत पसरलेलं, आणि एक ताट जास्तीचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. मी आपली सरळ तिथे बसायला गेले. तुम्ही दंडाला धरून दुसरीकडे बसवलंत: "तुम्ही मोजलेल्या आहात."

या मे महिन्यात गावी गेले तेव्हा गांधीनगरला गेले. एका दुकानात तुमचा फोटो मोबाइलवर दाखवला. गल्ल्यावरच्या काकांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, म्हणाले, आमचे आजोबा सिंधमधून आले तेव्हा अशाच बराकीत राहिले. मग त्यांनी पंचवीस-तीस टेबलक्लॉथ माझ्यापुढे उलगडले. मी पांढरा घेतला, कडेला बारीक लाल वेल असलेला. पुढच्या शनिवारी घेऊन येते. गवत तुमचं.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची